यादी एक, दिवस वेगवेगळे : इंदूरच्या एका मंडळातलं प्रकरण

इंदूरच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत मराठी कुटुंबं दाटीने राहतात. तिथल्या एका मंडळात बरीच वर्षं २६ जुलैला कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होतो. कार्यक्रम ठरलेला असतो : दीपप्रज्वलन, एक भाषण, वीरमाता-वीरपत्नींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, देशभक्तीची गाणी आणि शेवटी अल्पोपाहार. महू इथून जेमतेम तेवीस किलोमीटरवर. तिथे पायदळाची शाळा आहे, दूरसंचार अभियांत्रिकीचं लष्करी कॉलेज आहे, वॉर कॉलेज आहे. त्यामुळे सातारा-सांगलीकडचे किती तरी फौजी नोकरीत इकडे आले आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. मंडळाच्या सभासदांत असे पुष्कळ आहेत, आणि म्हणून हा कार्यक्रम मंडळाला आपला वाटतो.

ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे, त्या वर्षी जुलैच्या पहिल्या बैठकीत दोन गोष्टी एकदम पुढे आल्या. एका आईने सत्काराला यायला नकार कळवला. आणि मंडळाच्या फलकावर जी नावं लिहिली जातात, त्यांत आपल्या पणजोबांचं नाव घालावं, असा एका सभासदाचा अर्ज आला. पणजोबा १९१६ मध्ये मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, युद्धात मरण पावले होते, आणि तेही इंग्रजांच्या फौजेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी त्या बैठकांना होतो, इतिवृत्त मीच लिहीत होतो. संबंधितांची नावं मुद्दाम देत नाही.

आईचा नकार

त्यांचा मुलगा सियाचीनमध्ये हिमस्खलनात गेला. सत्काराच्या यादीत त्यांचं नाव आधीच्या काही वर्षांत नव्हतं. कुणी तरी म्हटलं होतं की तो कारगिलमध्ये नव्हता, शिवाय गोळी लागूनही गेला नाही. हे म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. सियाचीनवर १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हापासून तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि कोसळणाऱ्या बर्फाने जास्त माणसं नेली आहेत. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्धस्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा त्याच्या भिंतींवर २५,९४२ नावं होती आणि त्यांत मेघदूतमध्ये गेलेलेही आहेत. सरकारने जो भेद केला नाही तो मंडळाने करायचं कारण नव्हतं.

म्हणून त्या वर्षी सचिव स्वतः त्यांच्याकडे आमंत्रण घेऊन गेले. त्यांना वाटलं होतं, वगळल्याचा राग असेल, बोलावल्यावर जाईल. आईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाऊ, मला शाल नको. स्टेजवर खुर्चीही नको. तुम्ही त्याचं नाव वाचता ना, ते नीट वाचा. आणि वाचल्यावर लगेच गाणं लावू नका.”

सचिवांनी हे बैठकीत सांगितलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सुभेदारसाहेब बोलले. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, मंडळाचे आधारस्तंभ. त्यांचं म्हणणं असं, की ताईंचं दुःख खरं, पण घरातलं दुःख वेगळं आणि मैदानातला मान वेगळा. पलटणीत माणूस जातो तेव्हा शोकशस्त्र होतं, रायफली उलट्या धरल्या जातात, बिगुलवर लास्ट पोस्ट वाजतं, दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात, आणि त्यानंतर राऊज वाजतं. राऊज म्हणजे उठा, कामाला लागा. शोक तिथेच थांबवायची ती रीत आहे. “दिवसाचं नाव विजय दिवस आहे,” ते म्हणाले. “पोरं जिंकायला गेली होती. जिंकलो हे मोठ्याने सांगितलं नाही तर त्यांचं जाणं लहान होतं.”

कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. शिखरं परत मिळाली, ती त्यांच्यामुळेच. सुभेदारसाहेबांचं बोलणं कुणाला नुसतं फौजी कडक वाटेल, पण त्यांच्या स्वतःच्या कंपनीतली माणसं त्यांनी खांद्यावरून खाली आणली आहेत. ते ज्या विजयाबद्दल बोलतात तो त्यांना फुकट मिळालेला नाही.

मतभेद खरा होता. दिवस तोच, मृत तेच, पण एकाला त्या दिवशी जिंकल्याचं बोलायचं होतं आणि दुसरीला गेल्याचं.

ही ओढाताण जुनी आहे. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं. पुढच्याच वर्षी त्या तारखेला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दोन मिनिटांची स्तब्धता पाळली गेली. १९२१ पासून कोटावर लाल पॉपीचं फूल लावायची प्रथा तिथे पसरली आणि त्या विक्रीचा पैसा माजी सैनिकांकडे जाऊ लागला. पण १९३३ मध्ये तिथल्याच को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी पांढरी पॉपी सुरू केली. त्यांतल्या अनेकींचे नवरे, भाऊ, मुलगे त्या युद्धात गेले होते. आमची माणसं आठवायची आहेत, पण पुढच्या युद्धाची तयारी म्हणून नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पांढरी पॉपी लावणाऱ्यांवर तेव्हा टीका झाली आणि आजही होते. शंभर वर्षांच्या आसपास एका देशाला जे मिटवता आलं नाही, ते आमच्या मंडळाला एका बैठकीत मिटवता येईल अशी अपेक्षा धरणं चूक ठरलं असतं.

कांस्याचं पदक

अर्ज करणारे सभासद गिरणीत नोकरी केलेल्या घरातले. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. ही पलटण जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. टायग्रिसच्या काठी कूत-अल-अमारा इथे तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. अन्न संपलं, शेवटी सुमारे १३,००० जण कैद झाले आणि वाळवंटातून चालवत नेले गेले. कैदेत मेलेल्यांत हे पणजोबा.

त्यांच्या देवघराशेजारी भिंतीवर बशीएवढं एक कांस्याचं गोल पदक टांगलेलं आहे. युद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारने ते पाठवलं होतं. त्यावर सिंह आणि ब्रिटानिया आहे, कडेने इंग्रजीत लिहिलं आहे की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, आणि चौकटीत नाव आहे. हुद्दा नाही. सेनापती असो की शिपाई, मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा मुद्दाम गाळलेला. पण बसऱ्याच्या स्मारकावर, जिथे मेसोपोटेमियात गेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांची आठवण आहे, तिथे गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार आकडा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालात कबूल केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची आठवण असमान रीतीने ठेवली गेली आणि किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंदच झाली नाही. पणतूला पणजोबांचं नाव शेवटी आयोगाच्या नोंदवहीत सापडलं : शिपाई, नंबर, बापाचं नाव, गाव, तालुका. त्याची छापील प्रत त्यांनी अर्जाला जोडली होती. “दगडावर आकडा आहे,” ते म्हणाले. “निदान आपल्या फलकावर नाव असू दे.”

विरोध आला तो निवृत्त इतिहासशिक्षकांकडून. त्यांच्या आजोबांनी १९४२ मध्ये तुरुंग भोगला आहे. ते रागाने बोलले नाहीत, शिकवतात तसं बोलले. मेसोपोटेमियातलं युद्ध कुणाच्या स्वातंत्र्यासाठी होतं? पदकावरचं ते वाक्य आपण मंडळाच्या भिंतीवर टांगायचं का? याच इंदुरात १ जुलै १८५७ ला सआदत खान आणि त्याच्या साथीदारांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. सतरा वर्षांनी इंग्रजांनी त्याला शोधून काढलं आणि १८७४ मध्ये इथेच फाशी दिली. त्याचं नाव आपल्या फलकावर आहे का? नाही. आणि महिदपूर? २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेकाठी होळकरांची फौज इंग्रजांशी लढून पडली. त्यानंतर मंदसोरचा तह झाला आणि त्या तहानंतर इंदूर राजधानी झालं. आपण ज्या शहरात बसलो आहोत ते शहर त्या पराभवावर उभं आहे. महिदपूरला पडलेल्यांचा दिवस कोण पाळतं?

हा प्रश्न मला अजून सोडत नाही. लष्करानेही स्वातंत्र्यानंतर इथे एक रेघ ओढली आहे. पलटणींच्या जुन्या युद्धसन्मानांपैकी हिंदुस्थान जिंकून घेण्याच्या लढायांतले सन्मान साजरे करायचे नाहीत असं ठरलं. दोन्ही महायुद्धांतले सन्मान मात्र पलटणी अभिमानाने बाळगतात. सुभेदारसाहेबांनी हे बैठकीत सांगितलं, पणजोबांच्या बाजूने (शरकत ही मेसोपोटेमियातलीच एक लढाई) : “गुरुजी, फौजेने शरकत ठेवलं, मेसोपोटेमिया ठेवलं. शिपायाला लढाई निवडता येत नाही.” गुरुजींनी उत्तर दिलं की शिपायाला येत नसेल, आठवण करणाऱ्याला येते.

महूच्या मुलीचं बोलणं

बँकेत काम करणारी एक तरुण सभासद आतापर्यंत गप्प होती. तिचं घर महूचं, बौद्ध, तीन पिढ्या फौजेशी जोडलेलं. ती म्हणाली, “गुरुजी, इंग्रजांच्या फौजेत मेला म्हणून नाव घ्यायचं नाही, असं ठरवलंत तर माझ्या घरातलं कुणाचंच नाव घेता येणार नाही.”

मग ती कोरेगावबद्दल बोलली. १ जानेवारी १८१८ ची लढाई, महिदपूरनंतर अकरा दिवसांनी, त्याच युद्धातली. भीमेकाठच्या स्तंभावर ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावं आहेत आणि त्यांत ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महारांची, बरीच आहेत. कंपनीने तो स्वतःच्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि तेव्हापासून तिथे लोक जातात ते कंपनीचे आभार मानायला जात नाहीत. ज्यांना गावात सावलीही पडू देत नव्हते त्यांनी काय केलं, हे पाहायला जातात. “आणि त्या इंग्रजांनीही आम्हाला कुठे धरून ठेवलं?” ती म्हणाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद झाली. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, बाबासाहेब जन्मले महूच्या छावणीत. तिचे पणजोबा १११ मधले.

गुरुजींनी तिला विरोध केला नाही, पण मतही बदललं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की मग महिदपूर आणि सआदत खानही आले पाहिजेत. १९१६ पर्यंत मागे जायचं असेल तर १८१७ पर्यंत जा.

या चर्चेतली सर्वांत उपयोगाची गोष्ट ही होती, असं माझं मत आहे. वाद नाव गाळण्यावरून सुरू झाला आणि नावं वाढवण्यावर आला. मला तिथे उमगलं ते असं : मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला त्याच्या युद्धाला मान्यता द्यावी लागत नाही. मान्यता द्यायची की नाही, हे गुरुजी आणि सुभेदारसाहेब जन्मभर भांडत राहू देत. नाव मात्र दोघांच्या समोर वाचता येतं.

दिवस कोणता?

यादी मान्य झाल्यावर तारखेचा प्रश्न आला, कारण महिदपूर आणि मेसोपोटेमिया कारगिलच्या दिवशी वाचणं कुणालाच बरोबर वाटेना. पणतूने मग आपल्या घरची रीत सांगितली. आपल्या पंचांगात असा दिवस आधीपासून आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, शस्त्राने किंवा घाताने गेलेल्यांचं श्राद्ध असतं. पंचांगात तसं छापलेलंही असतं. शेजारचे हिंदी भाषक त्याच दिवसाला आश्विन कृष्ण चतुर्दशी म्हणतात, पण दिवस एकच. पणजोबांच्या मृत्यूची तिथी घरात कुणाला माहीत नव्हती, कैदेतल्या मरणाची बातमीच महिन्यांनी आली. म्हणून चार पिढ्या चतुर्दशीला पान वाढलं जातं. शिवाय कुणाच्या देवघरात लढाईत पडलेल्या पूर्वजाचा ‘वीर’ म्हणून चांदीचा टाक असतो, गावच्या वेशीवर वीरगळ असतात. आपल्याकडे युद्धात गेलेल्यांची आठवण ठेवायची पद्धत ११ नोव्हेंबरच्या किती तरी आधीची आहे, आणि त्या पद्धतीत कोणत्या राजासाठी मेला असं कुणी विचारत नाही. पान वाढतात ते आपला माणूस म्हणून.

सूचना सुंदर होती, पण सगळ्यांना चालणारी नव्हती. एका सभासदाने पितृपक्षात मंडळाचा कार्यक्रम नको म्हटलं. महूच्या मुलीने शांतपणे सांगितलं की तिच्या घरी श्राद्ध करत नाहीत, ते बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेल्या गोष्टींत आहे. तिचा दिवस १ जानेवारी. आणि सआदत खानाच्या नावाला तिथी कोणती लावणार? गुरुजी म्हणाले, १ जुलै.

सचिवांनी इथे जे केलं त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. ते बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी गृहस्थ. सर्वांना बसेल असा एक दिवस शोधायचा नाद त्यांनी सोडून दिला. ठरलं ते असं : यादी एक राहील, मंडळाच्या वहीत, सालवार, कोणत्याही शीर्षकाविना. ज्या घराचा जो दिवस असेल त्या दिवशी त्या घराने बोलावलं तर मंडळाची माणसं जातील, तिथली रीत पाळतील. २६ जुलै कारगिलचा राहील.

त्या वर्षीचा २६ जुलै

सत्कार स्टेजवरून काढला. आठ दिवस आधी सचिव आणि त्यांच्या पत्नी प्रत्येक घरी गेले, बसले, कुणाला काही अडचण आहे का विचारलं. दोन घरांत पेन्शनच्या कागदांची कामं अडकली होती, ती त्या भेटीतून मार्गी लागली. एवढ्या वर्षांच्या शाल-श्रीफळांत हे कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी सुभेदारसाहेबांनी कारगिलच्या चढाईबद्दल बोलून घेतलं. विजय दिवस आहे हे ते ठणकावून बोलले, आणि तो त्यांचा हक्क होता. नंतर नावं वाचली गेली. वाचायचं कामही त्यांनाच दिलं होतं. आदल्या दिवशी ते आईंकडे जाऊन मुलाच्या नावाचा नीट उच्चार, बापाचं नाव, गाव, सगळं विचारून आले होते. सियाचीनचं नाव कारगिलच्या नावांबरोबर वाचलं गेलं. शेवटच्या नावानंतर दोन मिनिटं सगळे उभे राहिले, आणि त्यानंतरही गाणं लागलं नाही. लोक बसले, थोड्या वेळाने आपापसांत बोलू लागले, आणि बऱ्याच वेळाने बाजाची पेटी उघडली. आई मागच्या रांगेत होत्या. गाणी सुरू व्हायच्या आधी त्या निघाल्या. जाताना सुभेदारसाहेबांना म्हणाल्या, “नीट वाचलंत.”

सगळे खूश झाले असं मुळीच नाही. दोन वीरपत्नींनी नंतर सांगितलं की त्यांना सत्कार हवा होता. वर्षातून एकदा सासरच्या माणसांसमोर कुणी तरी त्यांचा मान करतं, ते आम्ही काढून घेतलं. त्यांचं बरोबर होतं. आता प्रत्येकीला आधी विचारायचं आणि जिला हवा तिचा सत्कार करायचा असं ठरलं आहे. ज्याचं माणूस गेलं त्याला न विचारता मान द्यायचा, किंवा न विचारता काढायचा, या दोन्हींत मंडळ स्वतःचंच बघत होतं.

चतुर्दशीला आम्ही काही जण पणतूच्या घरी गेलो. गुरुजी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले, पानासमोर हात जोडले, जेवले. पदकाच्या भिंतीकडे मात्र त्यांनी पाठ करून बसणं पसंत केलं आणि यजमानांनी त्यांना ती जागा आपणहून दिली. महूची मुलगी जेवायला आली नाही. तिने पणजोबांचं नाव आणि नंबर लिहून वहीसाठी पाठवला.

वहीत महिदपूरसमोर एकही नाव नाही. साल, तारीख, ठिकाण आणि पुढे रिकामी ओळ. होळकरी दफ्तरांत काही सापडेल म्हणून गुरुजी शोध घेत आहेत.

शीर्षकाचा वाद मिटलेला नाही. सुभेदारसाहेबांना वहीवर ‘वीर’ लिहायचं आहे. गुरुजी म्हणतात, कारगिलसाठी लिहा, कूतसाठी मी सही करणार नाही. सचिवांनी पान कोरं ठेवलं आहे. त्यातच आता छत्तीसगडमध्ये गेलेल्या एका केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाच्या भावाचा अर्ज आला आहे. दिल्लीच्या युद्धस्मारकावर सेनादलांची नावं असतात, पोलिसांचं स्मारक वेगळं आहे. तेव्हा याचं नाव या वहीत बसतं का, असा प्रश्न एकाने काढला. त्यावर सुभेदारसाहेबच म्हणाले, “घाला.” भावाला दिवस विचारला तेव्हा त्याने २१ ऑक्टोबर सांगितला, १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्जजवळ चिन्यांच्या गोळीबारात याच दलाचे दहा जण पडले तो दिवस. वहीत नोंद झाली आहे आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या घरी कोण कोण जाणार ते पुढच्या बैठकीत ठरेल.